परक्या बायकांची अनसाक्का

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, माझी नोकरीतली पहिली शाळा होती. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, बाजूला पाण्याची टाकी. एका पावसाळ्यात समोरचा डोंगर सुटला आणि निम्मी वाडी चिखलाखाली गेली. शाळा उंचवट्यावर होती, म्हणून राहिली. मग चिखलातून जी माणसं बाहेर निघत ती शाळेतच आणून ठेवायला लागले. पुरुष पहिलीच्या खोलीत, बायका दुसरीच्या. डॉक्टर येऊन तपासून जायचे, पोलीस पंचनामा करायचे आणि मयत ताब्यात घ्यायला नातेवाइकाला हाक मारायचे. पुष्कळदा हाकेला ओ द्यायला त्या घरातलं कुणी उरलेलंच नसायचं. खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. दार उघडायचं आणि दार लावायचं, एवढंच माझं काम.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबला असताना खालच्या वळणावर एक टेम्पो येऊन थांबला. पुढचा रस्ता खचला होता. टेम्पोतून पांढऱ्या साड्या नेसलेल्या पाच बायका उतरल्या आणि बादल्या, पिशव्या सावरत चिखलातून वर चढून आल्या. सगळ्यांत पुढे होती ती चांगलीच उंच, काळी, हाडापेरानं मोठी. पायात पुरुषी चपला. बायकांच्या मापाची चप्पल तिला होतच नसे, हे मला पुढे कळलं. मला वाटलं, कुणाच्या तरी नात्यातल्या असतील.

"गुरुजी तुमीच का?" तिनं विचारलं. आवाज असा, की व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तीन दिवस त्या शाळेत कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

"हो."

"बायका कुठं ठेवल्यात?"

मी खोलीकडे बोट केलं. "तुमचं कोण आहे यात?"

"कोण न्हाई. आमी कडेगावकडनं आलोय. विहारातल्या बायका हाय आमी. हितं चूल हाय का? पाणी तापवाय लागंल."

"पाणी कशाला तापवायचं?"

"गार पाण्यानं केसातला चिखल निघत न्हाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ना दुःखाचा सूर होता, ना धीर देणाऱ्या माणसाचा मऊपणा. माझ्या वर्गात फळा पुसायचा राहिला आहे, असं सांगावं तशी ती सांगत होती.

ही अनसाक्का. नाव अनसूया. तिच्या गावात आणि आसपासच्या पाचपन्नास गावांत तिला सगळे अनसाक्काच म्हणत. कडेगावजवळच्या एका गावात बौद्ध वस्तीत तिचं घर. नवरा सैन्यातून निवृत्त होऊन आला आणि दोन वर्षांत वारला. मुलगा पुण्याला. विहारात दर पौर्णिमेला जमणाऱ्या बायकांतल्या चार तिनं आपल्या बरोबर जोडल्या होत्या आणि कुठं पूर आला, दरड कोसळली, गाडी दरीत गेली, की त्या पाचजणी निघायच्या. एकच काम करायच्या. मेलेल्या बायकांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नीट साडी नेसवायची आणि मग घरच्यांना बघायला बोलवायचं. "बाईमाणूस हाय," अनसाक्का म्हणायची, "तिला पोरासोरांपुढं, पोलिसांपुढं असंच उघडंवागडं टाकायचं व्हय?"

त्या दिवशी मी चूल पेटवून दिली. पाणी तापत होतं तेवढ्यात वाडीतले तात्या पुढे आले. सत्तरीचे, भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांची सून दुसरीच्या खोलीत होती.

"तुमी कुठल्या म्हणायच्या?" त्यांनी विचारलं.

"कडेगावकडच्या."

"ते कळलं. आडनाव काय?"

"कांबळे."

तात्या खाली बघत म्हणाले, "आमच्या बायका करतील आमचं."

मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलणार. मी तिचा आवाज ऐकला होता. पण ती म्हणाली, "बरं. पाणी तापलंय. बोलवा." आणि पाचही जणी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून टाकीजवळच्या दगडांवर जाऊन बसल्या.

वाडीतल्या तीन बायका आत गेल्या. तिसरा दिवस होता, आणि आत काय होतं ते मी लिहीत नाही. एक लगेच बाहेर येऊन कठड्याला धरून ओकली. दुसरी पायरीवरच बसली आणि तिला उठता येईना. तिसरी आतून नुसती हाका मारत होती. अर्ध्या तासानं तात्या स्वतः टाकीजवळ गेले. मी पाण्याचा हंडा धरून तिथंच उभा होतो.

"बाई, या," ते म्हणाले.

अनसाक्का उठली नाही. "मनापासनं बोलवतायसा, का अडलंय म्हणून?"

तात्यांनी दुसरीच्या खोलीकडे बघितलं. त्यांची मान हलायला लागली. "सून हाय माझी," ते म्हणाले. "मला बघवंना."

ती उठली. पदर खोचला आणि आत गेली.

दुपारी तात्यांचा मुलगा आला. फौजेत होता, सीमेवरून दोन दिवस प्रवास करून पोचला होता. युनिफॉर्मची पँट आणि वर कुणाचा तरी स्वेटर. अनसाक्कानं दार किलकिलं करून त्याला हाक मारली.

"आत येऊ नगंस अजून. एवढंच सांग, ती भांग कुठनं पाडायची? मधनं का बाजूनं?"

तो बघतच राहिला. "काय?"

"भांग, भांग. केसाचा."

त्यानं आठवून बघितलं. ओठ हलले. शेवटी म्हणाला, "ठावं न्हाई."

"लग्नाला किती वर्सं झाली?"

"अकरा."

"अकरा वर्सं, आणि भांग ठावं न्हाई तुला?"

मला तिचा राग आला. हे काय विचारायचं असतं का, अशा वेळी? पण तो जवान व्हरांड्यात खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. तोवर त्याच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. रडता रडताच त्यानं खिशातून मोबाइल काढला, एक फोटो शोधला आणि दाराच्या फटीतून आत दिला. आतून थोड्या वेळानं आवाज आला, "डावीकडनं हाय. बरं झालं दाखवलास."

त्याला आत बोलावलं तेव्हा मीही दारात होतो. ती बाई झोपल्यासारखी दिसत होती, असं मी म्हणणार नाही, तसं नव्हतं. पण ती ती होती. कपाळावर कुंकू होतं. मी नंतर अनसाक्काला विचारलं, की तुम्ही तर कुंकू लावत नाही, हे मानत नाही. ती म्हणाली, "माझा धम्म माझ्या तोंडात. तिचं कुंकू तिच्या कपाळाला. तिला कशाला मी माझं शिकवत बसू आता?" मग ती आणि तिच्या बायका भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी आपली गाथा म्हटली. तिचा हलका आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो त्यावेळी.

संध्याकाळी निघताना तात्यांनी चहा करून आणला. पाच कप, ताटलीत. अनसाक्कानं हात जोडले. "नको." आणि पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढून टाकीजवळ उभ्या उभ्याच खाल्ली, बाटलीतलं पाणी प्याली. तात्या ताटली घेऊन तसेच उभे राहिले. सकाळच्या बोलण्याचा राग ती असा काढते आहे, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

पुढच्या वर्षी माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली. आमचं मूळ गाव त्याच भागातलं, म्हणून मीच मागून घेतली होती. नवी शाळा अनसाक्काच्या गावापासून तीन किलोमीटरवर. मी भेटायला गेलो तर तिनं मला बघून "आलासा का गुरुजी? बसा," एवढंच म्हटलं आणि शेण्या लावायचं काम चालू ठेवलं.

मग मी अधूनमधून जायला लागलो. ती फार प्रेमळ होती, असं मला सांगता यायचं नाही. सुनेशी तिचं पटत नसे आणि त्यात चूक बहुतेक तिचीच असे. तिला सगळ्यांचं सगळं चुकतंय असं दिसायचं आणि ते ती तिथल्या तिथं बोलून दाखवायची. रडणाऱ्या माणसाला ती कधी जवळ घ्यायची नाही. त्याला काम सांगायची. "ऊठ, पाणी आण." "जा, तिची चांगली साडी कुठली ती बघ." आणि माणसं उठायची. विहारातल्या बायका तिला भ्यायच्या, तरी तिच्या एका हाकेवर टेम्पोत बसायच्या. त्यांतली कमल सगळ्यांत लहान, पस्तिशीची. ती एकदा मला म्हणाली, "आक्का मयताशी बोलती तसं जित्याशी बोलली असती, तर तिची सून गेली नसती सोडून." ते खरं होतं. काम करताना अनसाक्का मेलेल्या बाईशी सारखी बोलत राहायची. हात जरा इकडं घे गं. डोळ्यात गेलं का पाणी? झालं, झालं, आता एवढी एकच बट ऱ्हायली.

तिच्या या कामाला गावातून विरोध होता तो तिच्याच थोरल्या दिराचा. त्यांना सगळे सुभेदार म्हणत. सैन्यातून त्याच पदावर निवृत्त झालेले, ताठ, स्वच्छ कपड्यांतले, विहाराचे अध्यक्ष. वस्तीतली पोरं शिकावीत म्हणून त्यांनी स्वतःच्या खोलीत अभ्यासिका काढली होती. मी तिथं रविवारी गणित शिकवायला जात असे. म्हणूनच त्या दिवशी विहारात बैठक झाली तेव्हा मी मागे सतरंजीवर बसलेलो होतो.

सुभेदार उभे राहून बोलले. चिडून नव्हे, त्यांच्या मनाला फार लागलं होतं, हे दिसत होतं.

"छप्पन साली आपल्या बापजाद्यांनी ही कामं टाकली," ते म्हणाले. "मेलेली जनावरं ओढायची, मयताची लाकडं फोडायची, सांगावा घेऊन गावोगाव पळायचं. नाही म्हटलं म्हणून मार खाल्ला. वाळीत पडले. माझ्या बापाच्या पाठीवर वळ होते, मी बघितल्यात. आणि अनसूया, तू आता आपल्या पायानं त्यांचीच मढी धुवाय जातीस? विहाराचं नाव घिऊन?"

अनसाक्का बसूनच म्हणाली, "भावजी, माझी सासू, म्हंजे तुमची आई, मयताच्या घरनं भाकरी आणायची. दारात बसून ऱ्हायाय लागायचं, हाक मारंपतोर. मला तिनं सांगितलंय. वरनं टाकायची भाकरी, हाताला हात लागू ने म्हणून. म्हणून मी त्यांच्यातलं पाणीसुदीक पीत न्हाई. तिला बोलवल्यावर जावंच लागायचं. मला कोण बोलवत न्हाई. मी माझ्या पायानं जाती, माझी भाकरी खाती आणि माघारी येती. ह्यात मी कुणाची चाकरी केली, सांगा."

तात्यांच्या हातातली ती ताटली मला आठवली आणि मी मान खाली घातली. माझ्या आजोबांच्या दारातही असंच कुणीतरी बसत असणार, भाकरीची वाट बघत. मी त्याच घरात वाढलो होतो आणि हे कधी कुणी बोललं नव्हतं.

सुभेदार म्हणाले, "तुझ्या डोक्यात काय आहे ते मला कळतंय. त्यांच्या डोक्यात काय आहे ते तुला ठावं हाय का? ती म्हणत असतील, बघा, आली परत."

अनसाक्का उठून गेली. त्यानंतर विहाराच्या नावानं जायला तिला मनाई झाली, तीन बायकांनी येणं सोडलं, आणि सुभेदारांनी भावजयीशी बोलणं टाकलं. एका भिंतीला लागून दोन घरं. सकाळी दोघंही अंगण झाडायची, एकमेकांकडे न बघता.

अनसाक्का आणि कमल मात्र जातच राहिल्या.

मग कृष्णेला मोठा पूर आला. सांगलीच्या खालच्या अंगाची गावं पाण्यात गेली. आम्हा शिक्षकांना निवारा केंद्रावर नेमलं. माझ्याकडे नोंदवही होती : कोण आलं, कोण सापडत नाही, कोण सापडलं. एका शाळेमागच्या शेडमध्ये, नेहमीची जागा पाण्यात गेल्यामुळे, मयतं तात्पुरती ठेवत होते. अनसाक्का आणि कमल तिथं होत्याच.

तिसऱ्या दिवशी नावेतून एका म्हाताऱ्या बाईचं मयत आलं. दोन दिवस पाण्यात राहिलेलं, चेहरा सुजून ओळखण्यापलीकडे गेलेला. केंद्रात दोन भाऊ होते. त्यांची आई म्हैस सोडायला गोठ्यात गेली आणि पाण्याबरोबर गेली होती. दोघांना शेडमध्ये नेलं. थोरला म्हणाला, "वाटत न्हाई." धाकट्यानं तोंडच फिरवलं.

अनसाक्का पुढे झाली. "थांबा. अशी कुणालाच वळखू यायची न्हाई. मला करू द्या, मग बघा." आणि तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. भांग कुठनं? मधनं. केस? अंबाडा, जरा डावीकडं झुकता. पदर? दोन्ही खांद्यांवरनं. तासाभरानं तिनं त्यांना परत बोलावलं.

मी दारातून बघत होतो. दोघं भाऊ आत गेले आणि उभे राहिले. अंबाडा डावीकडं झुकता होता. दोन्ही खांद्यांवरून पदर होता, हात त्याच्याखाली झाकलेले. थोरला एकदम खाली बसला. "आई," तो म्हणाला. "आई हाय."

"वाटत्या म्हणून सांगू नगंस. नीट बघ."

"आईच हाय."

धाकट्यानंही मान हलवली. पंचनामा झाला. मी माझ्या अक्षरात नोंदवहीत नाव लिहिलं. त्याच दुपारी उंचावरच्या एका माळावर अग्नी दिला. पाऊस असल्यामुळे रॉकेल फार लागलं. तिसऱ्या दिवशी भावांनी रक्षा सावडून नदीत सोडली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आली. चाळिशीची, पायाला चिखल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो. माहेर नदीपलीकडच्या गावात. आई एकटी राहत होती, ती सापडत नव्हती. पाच केंद्रं फिरून झाली होती. मी नोंदवही चाळली. ओळख न पटलेली एकही बाई तिच्यात नव्हती. तसं मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. फोटो परत पिशवीत घातला. जाताना वळून म्हणाली, "सापडली तर, तिच्या उजव्या हातावर तुळशीचं वृंदावन गोंदलंय. कोपराच्या खाली. तेवढं ध्यानात ठेवा."

नळावर अनसाक्का कपडे पिळत होती. तिच्या हातातलं पिळलेलं लुगडं तसंच राहिलं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं. ते मयत तिनं एकटीनं धुतलं होतं. कमल त्या दिवशी तापानं पडली होती. तो हात अनसाक्काशिवाय कुणी नीट बघितला नव्हता. ती गप्प बसली असती तर ही गोष्ट या जगात कुणालाच कळली नसती. ती बाई फाटकापाशी पोचली होती.

"थांब, बाई," अनसाक्का म्हणाली.

ती थांबली. अनसाक्का तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. ओले हात तिनं साडीला पुसले.

"तुळस मी बघितल्या. चार दिस झालं. ती दुसऱ्याची आई म्हणून आमी जाळली."

त्या बाईला ते समजायला वेळ लागला. मग तिनं अनसाक्काच्या दंडाला दोन्ही हातांनी धरलं आणि गदागदा हलवत ती ओरडायला लागली. काय ओरडत होती ते शब्द नव्हते. एवढी उंच, मोठ्या हाडाची अनसाक्का, पण ती त्या बाईच्या हातात चिंधीसारखी हलत होती. कमल सोडवायला धावली तर अनसाक्कानंच तिला "लांब हो" म्हटलं.

"मी हात बघितला हुता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "गोंदण म्हाताऱ्या बायकांच्या सगळ्यांच्याच हातावर असतंय. म्हणून इचारलं न्हाई मी. सगळं इचारलं आणि तेवढंच इचारलं न्हाई."

संध्याकाळी त्या दोन भावांना सांगावं लागलं. तेही तिनंच सांगितलं. थोरला भिंतीला टेकून बसून राहिला. धाकटा म्हणाला, "मग आमची आई कुठं हाय?" थोड्या वेळानं म्हणाला, "कशाला सांगितलंसा, आक्का? आमी मोकळं झालो हुतो." त्यांची आई कधीच सापडली नाही.

पोलिसांनी जबाब घेतले. भावांनी स्वतः ओळखलं होतं, सह्या त्यांच्या होत्या, त्यामुळं कायद्यानं अनसाक्काला काही झालं नाही. नोंदवहीतलं नाव मी तांबड्या शाईनं खोडलं. पण माणसं बोलायची ती बोललीच. तिच्या गावातही बोलली, आणि शेजारच्या गावांत तर आणखीनच. तिच्या जातीवर जाऊन बोलणारेही निघाले.

पूर ओसरल्यावर अनसाक्काला त्या गेलेल्या म्हातारीच्या मुलीच्या घरी जायचं होतं. कमल भिऊन नाही म्हणाली. मी शाळेच्या साफसफाईत अडकलो होतो. खरं सांगायचं तर, मला जायचं नव्हतं. एका सकाळी ती एकटीच निघाली, तर शेजारच्या अंगणातून सुभेदार चपला घालून बाहेर आले आणि काही न बोलता तिच्याबरोबर एसटी स्टँडकडे चालायला लागले. दोन वर्षांत ते तिच्याशी बोलले नव्हते. त्या दिवशीही वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

तिथं काय झालं ते मला सुभेदारांनीच पुढे सांगितलं. मुलीनं दार उघडलं आणि पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली. अनसाक्का उंबऱ्याच्या आत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कसं आणलं, अंगावर काय होतं, केसात काय अडकलं होतं ते कसं काढलं, कुठली साडी नेसवली, अग्नी कुठं दिला, वारा कुठल्या बाजूला होता. तासभर सांगत होती. मुलीनं मध्ये एकदाच विचारलं, "भ्याल्यागत दिसत हुती का?" अनसाक्का म्हणाली, "तोंडावर कायबी कळत न्हवतं, बाई. खोटं सांगत न्हाई."

बोलून तिचा घसा सुकला. तिनं तिथं पाणी मागितलं. सुभेदार म्हणाले, "गुरुजी, उभ्या आयुष्यात तिनं अशा घरात पाणी मागितलेलं मी ऐकलं नाही. तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं." मुलगी उठली नाही. तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "आता उठा." मग ही दोघं उठून आली.

परत आल्यावर अनसाक्काचा आवाज गेला. म्हणजे बोलायची, पण समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. कुणाला काही चुकलंय म्हणून सांगेनाशी झाली. मी गेलो की शेजारी बसायची आणि आपल्या हातांकडे बघत राहायची. एकदा मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, आक्का, तुम्ही इतक्या बायकांचं केलंत. इतक्या घरांना त्यांचं माणूस नीट बघायला मिळालं, ते तुमच्यामुळं.

"त्यांतल्या किती त्याच हुत्या, गुरुजी?" तिनं विचारलं.

मला वाटलं ती एका चुकीबद्दल बोलते आहे. पण ती सगळ्यांबद्दल विचारत होती. मागच्या सगळ्या वर्षांतल्या, सगळ्या गावांतल्या, तिनं भांग पाडलेल्या सगळ्या बायकांबद्दल. "मी नटवायची आणि ती हो म्हणायची," ती म्हणाली. "दुःखात माणूस कशालाबी हो म्हणतंय."

तात्यांच्या सुनेचं सांगावं, असं माझ्या मनात आलं. तिथं फोटो होता, शंका नव्हती. मी सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं. मनावर घेतलं असं काही मला वाटलं नाही.

अनसाक्का गेली ती पुढच्या वैशाखात. मी तेव्हा बायकोच्या बाळंतपणासाठी पुण्याला होतो. आठ दिवसांनी कळलं. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. कमलनं सगळं केलं. सुभेदारांनी विहारात तिचा फोटो लावला, भाषण केलं नाही.

पण मला ती शेवटची दिसली ती त्याच्या आधी, ऊसतोडीच्या हंगामात. ऊसतोड मजुरांना घेऊन जाणारी एक ट्रॉली उताराला पलटी झाली होती. त्यांत माझ्या शाळेत येणाऱ्या एका मुलीची आई होती, म्हणून मी दवाखान्यात धावलो. आवारात मजुरांची गर्दी. परमुलखातली माणसं, बायका जमिनीवर बसून आक्रोश करत होत्या, कुणाला काही विचारायची सोय नव्हती. मला फाटकातून कमल आत येताना दिसली, हातात बादली आणि पिशवी. तिच्यामागं अनसाक्का. मला बरं वाटलं. म्हटलं, आली.

शवागाराच्या दाराशी कमल थांबली आणि मागं वळून तिनं आक्काकडे बघितलं. अनसाक्कानं मान हलवली. "तू जा," म्हणाली. "घरच्यांना धा डाव इचार. हातावर, पायावर, सगळं इचार." कमल आत गेली. दार लागलं. अनसाक्का त्या दाराकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि मग लिंबाच्या झाडाखाली, जिथं मजुरांची म्हातारी माणसं बसली होती, तिथं गेली.

मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. एक म्हातारा पोतं अंथरून बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं. पांढरी साडी, रिकामे हात, दाराकडे लागलेले डोळे. तिला आपल्यातलीच एक समजून त्यानं विचारलं, "तुमचं कोण हाय वं आत?"

अनसाक्का त्याच्याकडे वळली.

"अजून कळलं न्हाई, बाबा," ती म्हणाली.

म्हातारा सरकला आणि त्यानं पोत्यावर तिला जागा करून दिली. ती त्याच्याशेजारी बसली, इतर सगळ्यांसारखीच, दार उघडायची वाट बघत.